चिठ्ठीने ठरलेला उपचार

उरणजवळच्या मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरले, की परळचे टाटा रुग्णालय गाठता येते. समजा, तोंडाच्या कर्करोगाचा एक रुग्ण असा तेथे पोहोचला आणि डॉक्टरांनी विचारले, "आमच्या संशोधनात भाग घ्याल का?" घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार?" या प्रश्नाला बगल न देता आपण एक खरे उदाहरण पाहू.

तोंडातील कर्करोगाच्या पेशी मानेतील लसीका गाठींमध्ये पसरू शकतात. रोग सुरुवातीचा असेल आणि मान तपासताना काही हाताला लागत नसेल, तर काय करावे? काही शल्यचिकित्सक तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील गाठीही काढत. काही म्हणत, "थांबू, रोग मानेत दिसला तर काढू." पहिल्या पद्धतीत काहींची मान विनाकारण कापली जाते, दुसरीत उशीर होण्याची भीती. हा वाद कित्येक दशके चालू होता.

नुसत्या अनुभवाने तो का मिटला नाही? डॉक्टर आपापल्या अंदाजाने रुग्ण निवडतात. मग फरक उपचारामुळे पडला की निवडीमुळे, हे कळत नाही. म्हणून कोणाला कोणता उपचार, हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवतात. याला यदृच्छ वाटप म्हणतात. वर्गात हे करून पाहता येईल. मुलांना आपापले गट निवडू द्या, मग चिठ्ठ्या टाकून गट पाडा आणि दोन्ही वेळी गटांची सरासरी उंची काढा. मुले जितकी जास्त, तितके चिठ्ठीचे गट एकमेकांसारखे निघतील.

टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात अशी चाचणी केली. 596 रुग्ण सहभागी झाले. पहिल्या 500 जणांचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण गाठी आधीच काढलेल्या गटात 80 टक्के, तर थांबलेल्या गटात 67.5 टक्के होते. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक जीव जास्त वाचला.

मग थांबलेल्या गटावर अन्याय झाला का? हा प्रश्न टाळता येणार नाही. त्या गटातील काहींना दुसरी चिठ्ठी आली असती, तर ते कदाचित वाचले असते. पण त्या वेळी दोन्ही पद्धती रूढ होत्या आणि सरस कोणती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. चाचणी झाली नसती, तर तेच मृत्यू पुढेही होत राहिले असते आणि त्यातून कोणी काही शिकले नसते.

तरीही सहभाग ही सक्ती नव्हे. नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाला समजेल अशा भाषेतील संमतिपत्र आवश्यक असते. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडले, तरी नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. नव्या औषधांच्या चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. मात्र नवा उपचार सरस ठरेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

गावात कागद वाचून दाखवायला पुष्कळदा शिक्षकालाच बोलावतात. अशा वेळी "सही करा" किंवा "करू नका" असे आपण सांगू नये. दुसरा उपचार कोणता, धोका काय, खर्च कोणाचा, किती फेऱ्या माराव्या लागतील, हे प्रश्न लिहून द्यावेत. उत्तरे पटली, तर रुग्णाने निर्धास्तपणे होकार द्यावा. आज मिळणारा उपचार आधीच्या रुग्णांच्या अशाच होकारातून आला आहे.