गळ्याची गाठ : सुई टोचल्यानं कॅन्सर चवताळत नाही, तो कोणता ते कळतं

उदगीर : गळ्याला गाठ दिसली की आपल्याकडं पहिला सल्ला मिळतो, "सुई टोचू देऊ नका, गाठ चवताळते." हा सल्ला चुकीचा आहे. थायरॉईडच्या १०० गाठींपैकी ९० हून जास्त साध्या असतात. उरलेल्या ओळखायला सुईच लागते. सुईच्या वाटेनं कॅन्सर पसरणं फारच क्वचित घडतं.

या तपासणीला एफएनएसी म्हणतात. बारीक सुईनं गाठीतल्या थोड्या पेशी ओढून घेतात. काम काही मिनिटांचं. पेशी काचपट्टीवर पसरून, रंग देऊन पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात.

यात एक कॅन्सर फसवा आहे, त्याचं नाव मेड्युलरी. थायरॉईडच्या १०० कॅन्सरमध्ये तो जेमतेम २ ते ५ असतो. त्याच्या पेशी कधी गोल, कधी लांबट दिसतात. पेशीच्या केंद्रात मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके असतात. पण रूपं इतकी बदलतात की नुसतं बघून तो बरेचदा निसटतो. म्हणून शंका आली की कॅल्सिटोनिन तपासतात. या कॅन्सरच्या पेशी हे संप्रेरक तयार करतात, त्यामुळं ते रक्तातही वाढलेलं सापडतं.

नेमकं नाव कळणं का गरजेचं? थायरॉईडच्या नेहमीच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीनचा डोस चालतो, मेड्युलरीला तो लागू पडत नाही. इथं पूर्ण ग्रंथी आणि मानेतल्या गाठी नीट काढणं हाच मुख्य इलाज. दुसरं म्हणजे, चारातल्या एका रुग्णाला हा कॅन्सर 'रेट' जनुकातल्या दोषामुळं घराण्यातून आलेला असतो. आई किंवा वडिलांत दोष असेल तर प्रत्येक लेकरात तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे एका माणसाच्या रिपोर्टवरून लेकरांची तपासणी करून त्यांना वेळेत वाचवता येतं.

गाठ वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळायला त्रास होत असेल तर थांबू नका. लातूर आणि नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेज आहेत. पुढं मोठ्या दवाखान्यात जायचं झालं तर रिपोर्टसोबत काचपट्ट्याही मागून घ्या, तिथं त्या परत बघतात. घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.