पृथ्वी भाकरीसारखी फुगते आहे का?



नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे जमिनीला हादरे बसू लागले. आमच्या वसईच्या गटातल्या एका ताईंचं माहेर तिकडचं. तिथल्या भिंतीला तडा गेला, म्हणून त्यांनी गटाकडे कर्ज मागितलं. आम्ही ते मंजूरही केलं. मग एका बैठकीत त्याच म्हणाल्या, "नको ते पैसे. पृथ्वी आतून फुगतेय म्हणतात. ती फुटणारच असेल, तर भिंत बांधून काय करू?"

आम्ही हसलो नाही. कारण हा प्रश्न मोठमोठ्या अभ्यासकांनाही पडला होता. ऑस्ट्रेलियातले भूशास्त्रज्ञ सॅम्युएल वॉरन कॅरी पृथ्वी वाढते आहे, असंच सांगत. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे फुटक्या मडक्याच्या खापरांसारखे जुळतात. पृथ्वी लहान होती तेव्हा ते एकत्र होते, ती फुगली तसे दूर गेले, असा त्यांचा विचार.

आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांच्याबरोबर १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. पुढे त्यांनी विचारलं, हे गुरुत्वाकर्षण काळाबरोबर कमी होत असेल का? तसं असेल, तर पृथ्वी थोडी फुगायला हवी.

हे समजायला रव्याचा लाडू आठवा. मूठ त्याला चहूबाजूंनी आत दाबते, तसं गुरुत्वाकर्षण पृथ्वीला आत ओढतं. रव्याचे कण पाकाने धरलेले असतात, तसे दगडाचे कण विजेच्या बळाने धरलेले असतात. मूठ जरा सैल झाली तर लाडू थोडा सैलावेल. पण फुटणार नाही.

मग खरं काय, हे मोजूनच ठरलं. १९६९ पासून चंद्रावर आरसे ठेवले गेले. त्यांच्यावर लेसरचा किरण सोडून चंद्राचं अंतर मोजतात. त्यात गुरुत्वाकर्षण कमी झाल्याची खूण मिळाली नाही. २०११ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या मदतीने पृथ्वीही मोजली. तिच्या आकारात वर्षाला केसाच्या जाडीएवढाच फरक दिसला, आणि तेवढी चूक मोजण्यातच असू शकते. म्हणजे पृथ्वी फुगत नाही.

आणखी एक हिशेब बघा. एवढीच माती-दगड असलेली पृथ्वी पूर्वी निम्म्या रुंदीची असती, तर एक हंडा चार हंड्यांएवढा जड लागला असता!

मग किनारे का जुळतात? जमिनीचे प्रचंड तुकडे सरकतात म्हणून. समुद्राच्या तळाशी एकीकडे नवी जमीन तयार होते, दुसरीकडे जुनी आत जाते. भाकरी फुगत नाही, तव्यावरच सरकते. आपला भारतही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, त्या रेट्यानेच हिमालय उभा राहिला. खडकात साठलेला ताण मोकळा झाला की हादरा बसतो.

मैत्रिणींनो, शास्त्रज्ञाचा विचारही मोजून पारखतात. मग कानावर आलेली गोष्ट आपण न पारखता का धरावी? फुटणाऱ्या पृथ्वीपुढे आपला इलाज नसता. तडा गेलेल्या भिंतीपुढे आहे. भूकंपात माणसं दगावतात ती बहुतेक पडक्या भिंतींखाली.

ताईंनी कर्ज घेतलं. भिंत नव्याने बांधली. हप्ते वेळेवर येतात.

तुमच्या घराच्या भिंती आज एकदा नीट बघा.