फूटपट्टीचं अंतर, घड्याळाचं अंतर

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात माकणी नावाचं गाव आहे. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण इथलंच. धरणाच्या काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ समोर दिसतो. पाखरू सरळ उडून तिथे पोचतं. आपल्याला मात्र पाण्याला वळसा घालावा लागतो.

म्हणजे अंतरं दोन प्रकारची, बरं का! एक सरळ रेषेतलं, त्याला म्हणतात हवाई अंतर. दुसरं प्रत्यक्ष प्रवासाचं. नकाशावर माकणी ते मुंबई सरळ रेघ मारा, भरेल सुमारे ४०० किलोमीटर. सोलापूर-पुण्यावरून रस्त्याने गेलात, तर आकडा जातो पाचशेच्या घरात.

‘मग विमानाचं बरं, सरळच जायचं!’ असं वाटलं ना? पण विमानालाही वळसे असतात.

१५ ऑक्टोबर १९३२ ची गोष्ट. तेव्हा कराची आणि मुंबई एकाच देशात होती. जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून एकटेच उडाले. विमान होतं छोटंसं ‘पुस मॉथ’, वेग ताशी साधारण १६० किलोमीटर. दोन्ही शहरांतलं हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर. पण वाटेत अहमदाबादला उतरायचं होतं, म्हणून झाले सुमारे १०४०. आता करा भागाकार! साडेसहा तास, आणि अहमदाबादचा मुक्काम वेगळा. सकाळी निघालेले जेआरडी दुपारी जुहूला उतरले.

आजचं जेट विमान ताशी साडेआठशे किलोमीटर जातं. म्हणजे हाच प्रवास तासाभराचा; चढणं-उतरणं धरून फार तर दीड तास.

वेळ वाऱ्यावरही अवलंबून असते. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. म्हणून मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि परत येताना कमी. अंतर तेच, तरीही!

वेळ ठरवणारी तिसरी गोष्ट म्हणजे माणूस. २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. भारतानेही २०२५ मध्ये तसंच केलं. युरोपला जाणाऱ्या आपल्या कितीतरी विमानांना लांबून जावं लागलं. इंधन जास्त, वेळही जास्त.

आणि कराची-मुंबई? आता थेट विमानच नाही. दुबईमार्गे जायचं तर सुमारे ३,१०० किलोमीटर होतात. ८८० चे ३,१००! विमान बदलण्यात जातो तो वेळ वेगळाच. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी नावाची जुनी शाळा आजही आहे. फाळणीनंतर कितीतरी घरांतली माणसं या दोन देशांत वाटली गेली. त्यांच्यापैकी कुणाला आजारी मावशीला भेटायचं असेल, तर पुस मॉथचे साडेसहा तासही कमीच वाटतील, नाही का?

आता एक करा. लांब राहणारा एखादा नातेवाईक निवडा. नकाशावर फूटपट्टी ठेवून हवाई अंतर काढा. मग त्यांच्या घरी पोचायला किती तास लागतात, ते आई-बाबांना विचारा. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. आणि वाटेत आडवं काय येतं तेही शोधा : पाणी, डोंगर, वारा की माणसं?