वाळूतली चेरी अंगणात लावताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या ईशान्येला पॉनी नावाचा सरकारी राखीव गवताळ माळ आहे. नजर पोचेल तिथवर सपाट, आणि मधेच उभ्या कड्यांच्या दोन टेकड्या. त्यांना पॉनी ब्यूट्स म्हणतात. पाऊस वर्षाला जेमतेम 30 ते 38 सेंटीमीटर, हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली, आणि वारा बारमाही. या टेकड्यांचे नाव एका चेरीला दिलेले आहे. वेस्टर्न सँड चेरी या रानटी झुडपाचा हा जमिनीलगत पसरणारा वाण. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी आणि डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्स यांच्या ‘प्लँट सिलेक्ट’ या उपक्रमाने 2000 साली बागांसाठी त्याची शिफारस केली. एप्रिलच्या सुमारास पांढरी, सुवासिक फुले, भर उन्हाळ्यात काळी फळे, शरदात लालसर-जांभळी पाने. लॉनला पाणी पाजून थकलेल्या डेन्व्हर भागातल्या घरमालकांना हे झुडूप आवडू लागले यात नवल नाही, आणि त्यांत आपली मराठी घरेही आहेत. पण हे मुळात अशा कोरड्या माळांवरचे झुडूप आहे हे विसरून आपण त्याला वाढवतो, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ तिथेच आहे.

‘जमीन झाकणारी म्हणजे हिरवळीसारखी’

तशी ती नाही. या वाणाची उंची 40 ते 45 सेंटीमीटर, म्हणजे गुडघ्याच्या थोडी खाली. पसारा सव्वा ते पावणेदोन मीटर. तिच्यावर चालता येत नाही आणि मुलांना खेळताही येत नाही. फांद्या कडक असतात, पायाखाली मोडतात. तिची खरी जागा म्हणजे उतार, रस्त्याकडेची तापलेली पट्टी, दगडी बांधाचा माथा, जिथे कापणी यंत्र फिरवणे धोक्याचे आणि पाणी टिकवणे अवघड.

उतारावर ती अतिशय चांगली वागते. फांदी मातीला टेकली की तिथे तिला मुळे फुटतात. आपण मोगऱ्याचे दाबकलम करतो ते काम ही स्वतःच करते. अशी ठिकठिकाणी रुजलेली झुडपे वाहून जाणारी माती धरून ठेवतात. लोक मात्र रोपांखाली तण अडवण्याचे कापड किंवा प्लॅस्टिक अंथरतात आणि तिचा हा सर्वांत मोठा गुण मारून टाकतात. फांदी कापडाला टेकते, मातीला नाही. कापड अंथरूच नका, असे मी स्पष्ट सांगेन.

‘एकदा लावली की तणाची कटकट संपली’

नर्सरीच्या पाटीवर ‘तण रोखते’ असे वाचून ज्यांनी रोपे नेली, त्यांची सगळ्यात मोठी निराशा इथे होते. झुडपांना एकमेकांना भिडायला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर मधली मोकळी जमीन तणाचीच. शिवाय ही पानगळीची जात आहे. हिवाळ्यात उघड्या काटक्या उरतात, आणि वसंतात तिची पाने येण्याआधी गवताचे बी उगवून मोकळे होते. जुनिपरसारखे बारमाही दाट आच्छादन तिच्याकडून मिळणार नाही.

म्हणून खरी मेहनत लागवडीच्या आधी करायची. कोलोरॅडोच्या बागांत बाइंडवीड नावाची वेल असते. आपल्याकडचे शेतकरी जिला चांदवेल म्हणतात तीच. तिची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात आणि बी जमिनीत कित्येक दशके जिवंत राहते. चेरीच्या जाळीदार फांद्यांत ही वेल एकदा शिरली की ती उपटणे जवळपास अशक्य. आधी एक पूर्ण हंगाम त्या जागेतली वेल संपवण्यात घालवावा, मगच चेरी लावावी. हे ऐकायला कंटाळवाणे वाटते, पण पुढची दहा वर्षे वाचतात. मोकळ्या जागेवर लाकडाच्या चिप्सचा पाच-सात सेंटीमीटर थर द्यावा, मात्र बुंध्याला तो चिकटू देऊ नये.

अंतराचेही तसेच. कुंडीतले रोप वीतभर दिसते म्हणून लोक हात-हात अंतरावर लावतात. चौथ्या वर्षी फांद्या एकमेकींवर चढतात, आतल्या वाळतात, उंदरांना आसरा मिळतो. दोन रोपांत सव्वा ते दीड मीटर ठेवावे, आणि उतारावर सरळ ओळीऐवजी एकाआड एक.

‘कोरडवाहू आहे, पाणी नको’ आणि ‘चेरी आहे, खत हवेच’

हे दोन उलट गैरसमज अनेकदा एकाच घरात सापडतात. कोरडेपणा ती सोसते, पण मुळे खोल गेल्यावर. पहिले दोन उन्हाळे नियमित, खोलवर भिजेल असे पाणी द्यावेच लागते. कोलोरॅडोत आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. तिथला हिवाळा बर्फापेक्षा कोरड्या उन्हाने झाडे मारतो. ऑक्टोबर ते मार्चमध्ये बरेच दिवस बर्फ किंवा पाऊस नसेल, तर नवीन लागवडीला महिन्यातून एक-दोनदा पाणी द्यावे, असा तिथल्या कृषी विस्तार विभागाचा सल्ला आहे. दिवस पाच अंशांच्या वरचा आणि माती न गोठलेली असावी, आणि पाणी दुपारी द्यावे.

खताची मात्र तिला जवळजवळ गरज नाही. वाळू, मुरूम, खडी, चुनखडीची जमीन हे तिचे माहेर. भरपूर शेणखत घालून, रोज स्प्रिंकलर सोडून तिला लाडावले की फांद्या मऊ आणि लांब होतात, कोवळ्या शेंड्यांवर मावा पडतो आणि निचरा नसेल तर मुळे कुजतात. चिकणमातीत लावायचेच असेल तर जमीन थोडी उंचवून, पाणी वाहून जाईल अशी जागा करावी. सावलीत लावू नये. जगते, पण विरळ होते आणि फुले नावापुरती येतात.

‘विषारी आहे’ की ‘खायची आहे’?

दोन्हींत तथ्य आहे, म्हणून नीट समजून घ्यावे. पिकलेल्या फळाचा गर खाता येतो. फळ दीड-दोन सेंटीमीटरचे, आंबट आणि तुरट. जॅम किंवा सरबत चांगले होते. दुकानातल्या गोड चेरीची अपेक्षा ठेवू नये. मिसूरी नदीच्या खोऱ्यातले मूळ रहिवासी ही फळे पिढ्यान्‌पिढ्या ताजी आणि वाळवून खात आले. मेल्विन गिलमोर यांनी 1919 साली छापलेल्या नोंदींत या रहिवाशांपैकी टेटन डकोटा लोकांची एक समजूत आहे: ही फळे तोडायला वाऱ्याच्या समोरून जावे, वाऱ्यासोबत गेल्यास ती कडू लागतात.

विष आहे ते पाने, डहाळ्या आणि बियांमध्ये. चेरी, जर्दाळू, पीच या साऱ्या कुळाच्या पानांत अशी द्रव्ये असतात, की ती चावली गेली वा कोमेजली की हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कोवळी किंवा पाण्याच्या ताणातली ज्वारी खाऊन आपल्याकडे जनावरे दगावतात, त्यामागे हेच आम्ल असते. कोमेजलेली पाने विशेष घातक, म्हणून छाटलेल्या फांद्या शेळ्या-घोड्यांपुढे कधीही टाकू नयेत. लहान मुलांना फळ देताना बी काढून द्यावे.

आणि फळेच आली नाहीत तर झुडूप आजारी आहे असे समजू नका. सँड चेरीला चांगली फळधारणा व्हायला वेगळ्या रोपाचे परागकण लागतात. एका वाणाची कलमे म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या, त्यामुळे तीच पाच रोपे लावूनही उपयोग नसतो. जवळ बियांपासून वाढवलेली सँड चेरी किंवा तिचाच दुसरा वाण असावा.

‘जांभळ्या पानांची तीच ना?’

नाही. साउथ डकोटातल्या ब्रुकिंग्ज इथल्या कृषी महाविद्यालयात नील्स हॅन्सन यांनी सँड चेरीचा संकर जांभळ्या पानांच्या चेरी प्लमशी केला. त्यातून आलेले जांभळ्या पानांचे झुडूप उभे, दोन-तीन मीटर वाढणारे, आणि पोखरणाऱ्या किडींमुळे बहुधा अल्पायुषी. नर्सरीत दोन्ही ‘सँड चेरी’ म्हणूनच मिळतात. उन्हाळ्यात हिरवी पाने असलेले रोपच घ्यावे आणि पाटीवर वाणाचे नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

छाटणीबद्दल थोडक्यात. फुले मागच्या वर्षीच्या फांदीवर येतात, म्हणून शरदात कात्री लावली की पुढचा बहर जातो. फुले संपताच जुन्या फांद्या मुळापासून काढाव्यात. कुंपणासारखे सपाट कापू नये. हिवाळ्यात ससे साल कुरतडतात, तिथे बारीक जाळी लावावी.

महाराष्ट्रातून बरेच जण विचारतात, म्हणून हेही सांगते. या चेरीच्या कळ्या फुटायला कडाक्याच्या थंडीचे बरेच आठवडे लागतात. पुणे-नाशिक सोडाच, महाबळेश्वरातही तेवढी थंडी पडत नाही. आपल्या रोपवाटिकांत ‘चेरी’ म्हणून मिळणारी बार्बाडोस चेरी किंवा सिंगापूर चेरी या वेगळ्या कुळांतल्या आहेत. त्या छान आहेत, पण जमीन झाकणाऱ्या नाहीत. परदेशातून रोप, काडी किंवा बी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय भारतात आणता येत नाही. सुटकेसमध्ये लपवून आणू नका. एका काडीबरोबर येणारी कीड आपल्या फळबागांना महागात पडू शकते.