मशीन चालू, तरी क्लोरीन गायब! मिठाच्या पाण्याचा पूल ‘डिबग’ कसा करायचा?

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. एसटीत बसल्यावर ज्यांचे इअरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी खास.

विषय आलाय आमच्या शिरोळकडच्याच एका श्रोत्याकडून. शेतावर छोटं पर्यटन केंद्र, त्यात एक लाख लिटरचा पोहण्याचा तलाव आणि त्याला मिठापासून क्लोरीन बनवणारं मशीन. मेसेज एवढाच: “मशीनचा हिरवा दिवा चालू हाय, पण पाण्यात क्लोरीन दिसंना. नवा सेल घेऊ का?”

मी म्हटलं, थांब भावा. ॲप स्लो झालं की आपण लगेच नवा सर्व्हर घेतो का? आधी लॉग बघतो. इथंही तेच करायचं.

मशीन नेमकं करतं काय?

पुलाच्या पाण्यात साधारण ३००० ते ३५०० पीपीएम मीठ असतं, म्हणजे लिटरमागं तीन-साडेतीन ग्रॅम. समुद्रात याच्या दहापट असतं. हे पाणी सेलमधून जातं. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांना डीसी करंट दिला की मिठातला क्लोराईड क्लोरीन होऊन पाण्यात मिसळतो. जंतू मारून झाले की तो परत क्लोराईड होतो. म्हणून मीठ सहसा संपत नाही. ते कमी होतं ते पाणी बाहेर गेल्यामुळं: गळती, फिल्टरची उलटी धुलाई किंवा पावसात तलाव भरून वाहणं.

हिशोब जमा-खर्चाचा

टेस्ट किटवर दिसतो तो आकडा म्हणजे बँकेतली शिल्लक. मशीन पैसे जमा करतं. ऊन, घाम, पाला आणि शेवाळ खर्च करतात. शिल्लक शून्य दिसली म्हणजे पगार झाला नाही असं नसतं, खर्चही वाढलेला असू शकतो.

एक लाख लिटरमध्ये १ पीपीएम म्हणजे १०० ग्रॅम क्लोरीन. समजा मशीन तासाला २५ ग्रॅम बनवतं आणि आठ तास चालतं. झाले २०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला २ पीपीएम. आता उन्हानं दिवसाला ३ पीपीएम खाल्लं, तर मशीन एकदम ठणठणीत असूनही शिल्लक घसरणारच. नवा सेल घेतला तरी फरक पडणार नाही.

एका रात्रीची चाचणी

जमेत गडबड आहे की खर्चात, हे एका रात्रीत कळतं.

१. संध्याकाळी बाटलीतलं द्रवरूप क्लोरीन टाकून पातळी ४-५ पीपीएमवर न्या. १० टक्क्यांचं द्रावण असेल तर एक लाख लिटरला १ पीपीएमसाठी साधारण एक लिटर लागतं. त्या रात्री पोहायला कुणालाच सोडू नका.
२. पंप चालू, क्लोरीन मशीन बंद. तासाभरानं मोजा आणि लिहून ठेवा.
३. सूर्य उगवायच्या आत परत मोजा.

रात्री ऊन नसतं. तरी १ पीपीएमपेक्षा जास्त घट झाली, तर पाण्यातली घाण क्लोरीन खातेय. आधी भिंती घासा, फिल्टर धुवा आणि बाहेरून क्लोरीन देऊन पाणी साफ करा. मशीनचं काम पातळी टिकवणं. बिघडलेलं पाणी सुधारणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

रात्री घट नाही, पण दिवसा आकडा कोसळतो? मग ऊन. त्यासाठी सायन्युरिक ॲसिड, म्हणजे स्टॅबिलायझर तपासा. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. साधारण ३० ते ५० पीपीएम चालतं. काही मशीन थोडं जास्त मागतात, पुस्तिका बघा. फार जास्त झालं तर क्लोरीन सुस्त होतो, आणि ते कमी करायला पाणी बदलणं हाच साधा उपाय.

आपल्या श्रोत्याकडं नेमकं हेच निघालं. रात्रीची घट नगण्य. पावसाळ्यात तलाव वाहून स्टॅबिलायझर जवळपास संपलेलं, वर ऑक्टोबरचं ऊन. स्टॅबिलायझर टाकलं आणि नव्या सेलचा खर्च वाचला.

आणि खरंच मशीनच असेल तर?

सेल उघडून बघा. आपल्याकडं क्षारपड जमिनीचा प्रश्न जुना, बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर पट्ट्यांवर बसतो. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात पातळ ॲसिडनं तो काढा. हातमोजे, चष्मा घाला. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. आणि ॲसिड अन् क्लोरीन एकत्र आणू नका, विषारी वायू तयार होतो. पट्ट्या खरवडू मात्र नका, वरचा लेप जातो.

मशीन ‘मीठ कमी’ म्हणतंय? लगेच पोती ओतू नका. बरीच मशीन मिठाचा अंदाज करंटवरून बांधतात, त्यामुळं थर बसलेला किंवा जुना झालेला सेलही मीठ कमी दाखवतो. वेगळ्या पट्टीनं मीठ मोजा, मग ठरवा.

पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. मिठाच्या पुलात तो वर सरकत राहतो आणि पीएच वाढला की तेवढ्याच क्लोरीनची ताकद घटते.

पुलाच्या पलीकडं

“आमच्याकडं पूलच नाही,” म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा. मिठातून क्लोरीन काढणारं हेच तंत्र पिण्याच्या पाण्याच्या योजनांतही वापरतात. बाकी गावांत टाकीत टीसीएल पावडर पडते. २०१९ आणि २०२१ चा महापूर शिरोळ तालुक्यानं बघितलाय. २०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. तिथंही प्रश्न हाच असतो: क्लोरीन टाकलं किती हा एक आकडा, आणि शेवटच्या नळाला उरलं किती हा दुसरा. नळाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. टाकीत भरपूर आणि नळाला शून्य असेल, तर मधे कुठंतरी खर्च होतोय, कदाचित फुटलेल्या पाइपात गटाराचं पाणी शिरतंय. तेव्हा नुसती पावडर वाढवून भागत नाही, गळती शोधावी लागते. (स्टॅबिलायझर मात्र फक्त पुलासाठी. पिण्याच्या टाकीत नाही!)

तेव्हा रोज एकाच वेळी मोजा. क्लोरीन, पीएच, ऊन की पाऊस, किती जण पोहले, एवढं मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा. पुलात मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम हवा. शून्य दिसला तर त्या दिवशी पोरांना पाण्यात सोडू नका, दिवा हिरवा असला तरी. पंधरा दिवसांच्या नोंदी असल्या की बिघाड शोधायला मेकॅनिकलाही सोपं जातं.

तुमच्या गावच्या शेवटच्या नळाला ओटी टेस्टमध्ये पिवळा रंग येतो का? ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात वाजवू. भेटूया!