खरेदीदाराची सही

२३ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला तडे गेले. पाहणीला आलेल्या अभियंत्याने इमारत रिकामी करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी खालची बँक आणि दुकाने बंद राहिली. वरच्या पाच कारखान्यांतल्या शिवणकामगारांना मात्र पगार कापण्याची धमकी देऊन कामावर बसवले गेले. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत कोसळली. १,१३४ माणसे गेली, त्यांत बहुसंख्य बायका.

राणा प्लाझातल्या काही कारखान्यांचे परदेशी ब्रँडसाठी ऑडिट झालेले होते. आदल्या सप्टेंबरात कराचीच्या अली एंटरप्रायझेसमध्ये आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच कामाच्या चांगल्या परिस्थितीबद्दल आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. तपासणीचा खर्च कारखानदार किंवा ब्रँड करतो, तारीख बहुधा आधी कळते आणि सुपरवायझरच्या देखत कोणी तोंड उघडत नाही. अशा कागदावर कामगाराचा जीव सोपवणे हा गुन्हाच आहे.

राणा प्लाझानंतर तीन आठवड्यांत झालेला ‘बांगलादेश अ‍ॅकॉर्ड’ हा करार वेगळा ठरला तो त्याखालच्या सह्यांमुळे. एका बाजूला कामगारांच्या आंतरराष्ट्रीय युनियन, दुसऱ्या बाजूला ब्रँड. पुढे ब्रँडची संख्या दोनशेच्या वर गेली. शब्द मोडला तर लवादाकडे खेचता येईल अशी अट होती, आणि २०१६ मध्ये दोन ब्रँडना खरोखरच हेगला खेचले गेले. सोळाशेहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली, अहवाल जाहीर झाले. आगीत बाहेर पडायची वाट अडवणारी कुलूपबंद जाळीची दारे निघाली, अग्निरोधक दारे बसली. धोका दिसला तर काम नाकारण्याचा हक्क करारात लिहिला गेला. पगाराचे दुखणे मात्र राहिलेच. २०२३ मध्ये कामगारांनी महिना २३,००० टका किमान वेतन मागितले, ठरले १२,५००.

शेतीतला तितकाच मोलाचा प्रयोग अमेरिकेत, फ्लोरिडातल्या इमोकली गावच्या टोमॅटो तोडणाऱ्यांचा. मजुरी बादलीवर. बादली ३२ पौंडांची, म्हणजे साडेचौदा किलोची, पण मुकादम ती शीग लावून भरायला लावी. वरचा ढीग फुकट. मजुरांनी शेतमालकाला सोडून थेट बड्या खरेदीदारांना गाठले. टॅको बेलवरचा बहिष्कार २००१ ते २००५ असा चार वर्षे चालला आणि कंपनीने पौंडामागे एक सेंट जादा द्यायचे मान्य केले. २०११ पासून ‘फेअर फूड प्रोग्रॅम’मध्ये बादली काठापर्यंतच भरायची असा नियम झाला. रानात सावली, पिण्याचे पाणी, चोवीस तास चालणारा तक्रारीचा फोन. मजुराला मारहाण किंवा बाईवर हात टाकणे खपवून घेतले, तर त्या शेताचा टोमॅटो करारातले खरेदीदार घेत नाहीत. मालकाला हीच भाषा कळते.

आपल्याकडे तमिळनाडूत, एका दलित शिवणकामगार तरुणीच्या खुनानंतर, २०२२ मध्ये दिंडिगुल करार झाला. दलित बायकांनी चालवलेल्या संघटनेने कारखाना आणि एच अँड एमसारखे ब्रँड यांना लैंगिक छळाविरुद्ध बांधून घेतले.

आणि आपला ऊस? नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, एक दिवस बुडला की खाडा, म्हणजे दंड. खाडा परवडत नाही म्हणून पाळीचा त्रास कायमचा मिटवायला बीडच्या कितीतरी बायकांनी तिशीतच गर्भाशये काढून घेतली; २०१९ मध्ये सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. तोडणीचा दर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात ठरतो. ही साखर शीतपेयांत आणि बिस्किटांत जाते, पण ती बनवणाऱ्या कंपन्या त्या वाटाघाटींना नसतात. पुढच्या कराराच्या वेळी ऊसतोड संघटनांनी त्यांना बोलावून दराबरोबरच खाडा बंद करणे, बाळंतपणाची भरपगारी रजा आणि फडावर पाणी व संडास यांवर सही मागावी.