तोड येते कशी?

दिवाळी झाली की मांगल्यापासून कोकरूडपर्यंत शिराळा तालुक्यातल्या वारणाकाठच्या गावांत माणसं भेटल्यावर पहिली चौकशी एकच असते, "तोड आली का?" तोड, म्हणजे ऊस तोडणारी टोळी, रानात येण्यासाठी निदान पाच वेगवेगळे व्यवसाय एका दिवशी एका बांधावर यावे लागतात: ऊस पिकवणारा शेतकरी, तो गाळणारा कारखाना, ट्रॅक्टरचा मालक, टोळी आणणारा मुकादम आणि कोयता चालवणारं जोडपं. यांतलं कुणी कुणाचं पगारी नोकर नाही. प्रत्येकाचं कर्ज वेगळं, नफ्या-तोट्याचा हिशेब वेगळा. त्यात माल नाशवंत. ऊस तुटला की त्यातल्या साखरेचं विघटन सुरू होतं, वजनही घटतं. म्हणून चोवीस तासांच्या आत तो गाळला जावा अशी धडपड असते.

या सगळ्याची सुरुवात होते लागणीच्या तारखेपासून. शेतकरी लागण केल्यावर कारखान्याच्या गट ऑफिसात नोंद देतो. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख आणि प्रकार एवढी माहिती त्यात असते. जुलै-ऑगस्टमधली आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीतली सुरू आणि आधीच्या पिकाच्या बुडख्यातून फुटलेला खोडवा, हे चार प्रकार. आडसाली पंधरा-सोळा महिन्यांनी तुटते, सुरू आणि खोडवा वर्षभरात. नोंदी तारखेप्रमाणे लावल्या की तोडणीचा प्रोग्राम तयार होतो. साधारणपणे आडसाली आणि खोडवा आधी, मग पूर्वहंगामी, शेवटी सुरू. नोंदीसाठी साखर आयुक्तालयाचं मोबाइल अ‍ॅपही आता आहे, पण बांधावर जाऊन क्षेत्र बघणारा माणूस लागतोच.

वारणाकाठच्या शेतकऱ्याला पर्याय बरे आहेत. तालुक्यातच चिखलीला विश्वासराव नाईक कारखाना, नदीपलीकडे वारणानगर, पूर्वेला वाळवा तालुक्यात साखराळ्याचा राजारामबापू कारखाना. त्यामुळे काही जण एकच ऊस दोन ठिकाणी नोंदवतात. तोड लवकर मिळावी ही त्यामागची धडपड समजण्यासारखी आहे. पण कारखान्याच्या कागदावरचा ऊस आणि रानातला ऊस यांत फरक पडतो, आणि पुढचं सगळं गणित कागदावर मांडलेलं असतं.

ते गणित करून बघू. समजा, कारखाना दिवसाला 5,000 टन गाळतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस. म्हणजे रोज सुमारे 250 खेपा. एक कोयता म्हणजे एक जोडपं, आणि त्याची दिवसाची तोड दीड ते दोन टन. दहा कोयत्यांची टोळी दिवसभरात जेमतेम एक ट्रॅक्टर भरते. म्हणजे रोज 250 टोळ्या वेगवेगळ्या शिवारांत उभ्या हव्यात. एकरी चाळीस टन धरले तर एका टोळीला एक एकर दोन-अडीच दिवस पुरतो आणि तिसऱ्या दिवशी पुढचं रान ठरलेलं असावं लागतं.

या टोळ्या येतात मुख्यतः बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून, आणि त्यांची जमवाजमव भर उन्हाळ्यात सुरू होते. कारखाना ट्रॅक्टरमालकाशी करार करतो आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो किंवा बँकेकडून मिळवून देतो. मालक ती मुकादमाला देतो, मुकादम जोडप्यांना. काम सहा महिन्यांनी सुरू व्हायचं असतं, पण ते पैसे तोवर लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात खर्च झालेले असतात. उचल घेऊन मुकादम आलाच नाही तर ट्रॅक्टरमालकाच्या डोक्यावर लाखोंचं कर्ज राहतं. आलेली टोळी मात्र उचल फिटेपर्यंत कोयता सोडू शकत नाही. पैसा वरून खाली हातातून हातात जातो, आणि जोखीम प्रत्येकजण खालच्याकडे ढकलतो. या व्यवस्थेतली ही सगळ्यात कठोर गोष्ट आहे असं मला वाटतं.

हंगामात गावाचा ताबा कारखान्याच्या चिटबॉयकडे असतो. कोणती टोळी कुणाच्या रानात, हे तो सांगतो. शिराळ्यात एक अडचण जास्तीची. पश्चिमेला चांदोलीकडे पाऊस मोठा, रानं भाताची, आणि नोव्हेंबरातही कित्येक ठिकाणी वाफसा नसतो. ट्रॅक्टर रुतेल म्हटलं की प्रोग्राममधला नंबर मागे जातो आणि वाळलेल्या रानाचा पुढे येतो. 2019 आणि 2021 सारखा महापूर येऊन गेला असेल, तर नदीकाठचा कुजू लागलेला ऊस आधी तोडावा लागतो. अशा वेळी नंबर का बदलला हे चिटबॉयनं गावात उघड सांगितलं तर लोक ऐकतात. नाही सांगितलं तर वशिल्याचा संशय येतो, आणि तो दरवेळी खोटा नसतो.

रानात काम पहाटे सुरू होतं. ऊस बुडख्यापासून तोडायचा, कारण खालच्या कांड्यांत साखर जास्त. शेंडा उडवायचा, पाचट सोलायचं, मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या. शेंड्याचं वाढं टोळीचं, ते जनावरांसाठी विकून रोजचा बाजार चालतो. गाडी भरली की चिठ्ठी होते. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, लागणीचा प्रकार, टोळीचा आणि गाडीचा नंबर, सगळं तिच्यावर. कारखान्याच्या काट्यावर आधी भरल्या गाडीचं वजन, ऊस गव्हाणीत पडल्यावर रिकाम्या गाडीचं, आणि वजाबाकी म्हणजे निव्वळ ऊस. या एका आकड्यावर चार बिलं निघतात: शेतकऱ्याचं उसाचं, मालकाचं वाहतुकीचं, टोळीचं तोडणीचं आणि मुकादमाचं कमिशन. काट्याबद्दल शंका असेल तर बाहेरच्या काट्यावर वजन करून बघण्याची शेतकऱ्यांची मागणी त्यामुळेच एवढी जिवाची असते.

काट्यावर जाण्याआधी गाड्या थांबतात तो गाडीतळ. ऊस कमी पडला तर मिल 'नो केन' म्हणून थांबते, आणि बॉयलर-टर्बाइन पुन्हा लयीत आणणं महागाचं. म्हणून कारखान्याला तळावर थोड्या गाड्या कायम उभ्या हव्या असतात. त्या थोड्याच्या फार झाल्या की ऊस वाळतो, ट्रॅक्टर अडकतो आणि रानात टोळी रिकामी बसते. मिल बिघडली तर याच तळावर गाड्यांची रांग वाढत जाते.

पुढे पैशाची साखळी. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. 2025-26 साठी केंद्रानं 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पैसे चौदा दिवसांत द्यायचे, पण साखर वर्षभर विकली जाते, तीही केंद्रानं दर महिन्याला ठरवून दिलेल्या कोट्यात. मधलं अंतर बँकेचं माल तारण कर्ज भरून काढतं. गोदामातल्या पोत्यांवर उचललेल्या त्या पैशांतून पहिलं बिल निघतं. राज्य सरकारनं फेब्रुवारी 2022 मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली होती. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. कारखान्याला इथेनॉलचे पैसे त्या मानानं लवकर हाती येतात, पण डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर केंद्रानं अचानक निर्बंध घातले, आणि दिल्लीतल्या त्या आदेशामुळे इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांना त्या हंगामाचं गणित पुन्हा मांडावं लागलं.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच बिलात येत नाही, ती म्हणजे थांबणं. तळावर गाडी किती तास उभी होती, हे शोधायला नवं यंत्र लागत नाही. नंबर लावल्याची वेळ आणि गाडी काट्यावर आल्याची वेळ नोंदली की झालं. उन्हाळ्यातल्या करारात एवढंच कलम घालावं: ठरलेल्या तासांपुढे गाडी थांबली तर मालकाला आणि टोळीला त्या तासांचा भत्ता, आणि वाळलेल्या उसाची घट शेतकऱ्याला भरून देणं. त्याचा बोजा कारखान्यावर पडेल, आणि तो तिथंच पडायला हवा, कारण आज किती गाड्या तळावर बोलवायच्या हे ठरवणं त्याच्या एकट्याच्याच हातात आहे.